प्रत्येकीबरोबर एकच नाच

६ फेब्रुवारी, समुद्रावर

गुडघे कामातून गेले! सकाळी मोजे घालायला लायनेलची मदत घ्यावी लागली. लायनेल माझ्या केबिनमधला जोडीदार. ॲडलेडचा. केस काळेभोर रंगवतो आणि वय बासष्ट सांगतो, गेली आठ वर्षं. मोजा ओढता ओढता म्हणाला, "मर्व्ह, अजून निम्म्या बायका बाकी आहेत. आत्ताच मरू नकोस."

काय उद्योग पत्करलाय मी या वयात! एकट्यानं प्रवासाला आलेल्या बायकांबरोबर नाचायचं. पगार नाही, पण राहणं-खाणं फुकट. आणि खाणं म्हणजे काय, राजेशाही! नियम मात्र कडक. प्रत्येकीबरोबर एक नाच. सगळ्यांची फेरी झाल्याशिवाय दुसरा नाही. एकाच बाईबरोबर कोपऱ्यात बसायचं नाही. आवडनिवड दाखवायची नाही. एक तक्रार आली की पुढच्या बंदरावर बोचकं घेऊन खाली.

खाली उतरून मी जाणार कुठे? बायको, एनिड, वारल्यावर बॅलरॅटचं घर विकून टाकलं. रिकाम्या खोल्यांत राहवेना. मुलगी पर्थला. तिच्याकडे माझी जागा म्हणजे सोफा, तोही कुत्रा उठला तर. सध्या ही बोट हेच माझं घर. म्हणून नियम म्हटला की मी हात जोडतो.

फेऱ्यांवर लक्ष ठेवतात हॅलोरनबाई. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सिडनीच्या बड्या घरातल्या, गळ्यात मोत्यांच्या तीन माळा. आज म्हणाल्या, "मर्व्हिन, काल गाणं अर्धवट असताना सोडलंत मला. तो नाच धरायचा की नाही, ते मी ठरवीन." ठरवा बाई!

७ फेब्रुवारी

पेंग्विन दिसले. एका बेटाच्या काठावर रांग लावून एकेक जण पाण्यात उडी मारत होता. एकानं मध्ये घुसायचा प्रयत्न केला तर बाकीचे जे काही ओरडले! त्यांच्यातही एक हॅलोरनबाई असणारच.

८ फेब्रुवारी, फार दक्षिणेला

सकाळी पहिला हिमनग दिसला. सगळे फोटो काढायला धावले आणि मी चहाचे दोन कप घेऊन मागच्या डेकवर गेलो. रोज जातो. तिथे नायरी असते.

नायरी सिंक्लेअर. पोर्ट चाल्मर्सची, तीन दिवसांनी जे बंदर लागणार तिथलीच. जन्मभर लोखंडी सामानाचं दुकान चालवलं. भाच्यांनी हट्टानं तिकीट काढून दिलं म्हणून आली. नाचत नाही. या बोटीवर पाच प्रकारचे केक मिळतात आणि ही बाई ब्लँकेट गुंडाळून स्वतःच्या डब्यातली बिस्किटं खाते! मी शेजारी उभा राहतो. नियमात बसायला बंदी आहे, उभं राहण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी विचारलं तिनं, "असे उभे का? मूळव्याध आहे का?"

त्या क्षणापासून मला ती आवडते. लिहून टाकलं एकदाचं.

आज चहा पिता पिता म्हणाली, "पोर्ट चाल्मर्सला उतरा माझ्याबरोबर. मागची खोली रिकामी आहे. भिंतीवर एक फळी ठोकायची राहिलीय, चार वर्षं झाली."

फळी ठोकायला हिला मी हवा! जन्मभर खिळे विकलेली बाई! मला कळत नाही की काय? आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "एप्रिलपर्यंत सही केलीय मी. शब्द दिलेला मोडत नाही." अगदी बँकेतल्या साहेबासारखा बोललो. खरं तर घाबरलो होतो. बोट हातची गेली, आणि महिन्याभरात तिला माझा कंटाळा आला तर? मग पुन्हा कुत्र्याचा सोफा.

ती म्हणाली, "बरं." एवढंच. बिस्किटसुद्धा दिलं नाही.

दुपारी चहाबरोबरचा नाच. वारा एवढा वाढला की डेक बंद केला, म्हणून नायरीलाही आत यावं लागलं. खांबाजवळच्या खुर्चीत बसली. मी हॅलोरनबाईंबरोबर होतो. वॉल्ट्झ सुरू झालं आणि बोट अशी काही कलंडली! हॅलोरनबाई माझ्या हातातून सुटून थेट केकच्या टेबलावर. मोत्यांना क्रीम. लायनेल ढोल वाजवणाऱ्याच्या मांडीवर. आणि खुर्चीसकट घसरत आलेली नायरी माझ्या मिठीत.

बँड थांबला नाही. चार पावलं आम्ही नाचलो. दुसरी लाट आली आणि मी तिला शिस्तीत खुर्चीवर परत पोचवलं. पाचच मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. लाट, खुर्ची, नायरी. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "तुमची बोट नियम पाळत नाही हो!" म्हणाली.

तिसऱ्यांदा लाट नव्हती. मीच गेलो आणि हात पुढे केला. अख्खं गाणं नाचलो. नाचत नाही म्हणे! पाय जरा ओढते, पण ताल पक्का.

गाणं संपलं तर समोर हॅलोरनबाई. रुमालानं मोती पुसत होत्या. तीन बोटं वर केली आणि निघून गेल्या.

मेलो!

९ फेब्रुवारी

वादळ. अर्धी बोट आडवी झालीय. हॅलोरनबाईंच्या केबिनबाहेर माफी मागायला गेलो. आतून आवाज, "मर्व्हिन, मी आत्ता उलटी करतेय. तुमचं नंतर बघते."

नायरी दिसली नाही. चहा दोघांचा मीच प्यायलो.

१० फेब्रुवारी

डार्सीनं बोलावलं. बोटीवरच्या करमणुकीचा प्रमुख, वय तिशीच्या आत, दात वाजवीपेक्षा जास्त. वाईट बातमी देतानाही सगळे दाखवतो.

"मर्व्ह, दोस्ता, तक्रार आलीय. उद्या पोर्ट चाल्मर्सला उतरावं लागेल तुला. माझा नाइलाज आहे."

मी म्हटलं, "हॅलोरनबाई ना?"

"छे! त्या तर तुझ्यासाठी भांडल्या माझ्याशी. म्हणाल्या, पहिले दोन नाच समुद्राच्या नावावर घाला." मग आवाज खाली आणला. "मी सांगायला नको खरं तर. पण मिसेस सिंक्लेअर स्वतः आल्या होत्या. एका दुपारी तीनदा नाचवलं म्हणाल्या. तिसऱ्यांदा तर लाटही नव्हती म्हणे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा दात.

राग आला नाही. लाज वाटली. सत्तरीला टेकलेला माणूस, काय समजून बसलो होतो! मी नाही म्हटलं ते तिला एवढं लागलं? की तो तिसरा नाच तिला नकोच होता? आणि मी हात पुढे केला! डेकवर गेलो. खुर्ची रिकामी, ब्लँकेट घडी करून ठेवलेलं.

लायनेलनं बॅग भरून दिली. एकही विनोद केला नाही. शेवटी म्हणाला, "पर्थला फोन करू का?" मी नको म्हटलं. कुत्र्याला कशाला त्रास!

११ फेब्रुवारी, पोर्ट चाल्मर्स

अक्षर वाकडं येतंय, गाडी खडबडीत रस्त्यावर आहे. नायरी चालवतेय. धक्क्यावर जुनाट गाडीला टेकून उभी होती. मला बघितल्याबरोबर ओरडली, "किती उशीर! आणि तोंड का पाडलंय? शब्द मोडत नाही म्हणालात ना? मग त्यांच्याकडून मोडून घेतला. चल, टाक ती बॅग मागे." मला बोलताच येईना. अजूनही येत नाहीये, म्हणून लिहितोय. आत्ता ती म्हणतेय, "पुरे झालं ते लिहिणं, मर्व्ह. वर बघ. घर आलं."