कुणाचंच नाव वर जाणार नाही

बुध. ८ जाने. २००३
धाकट्या शेठना आता कामगारांच्या 'वेलनेस'चं खूळ. सकाळी योगासनं, मग मोड आलेले मूग. म्हटलं, आधी त्यांना काय हवंय ते विचारू तरी. अकरा वर्षं या कारखान्यात पर्सोनेल बघतेय, एवढं बोलायचा हक्क आहे. चक्क पटलं! पण विचारायला मी चालत नाही, अंधेरीहून सल्लागार बाई येणार. पिकतं तिथं विकत नाही.

शनि. ११
बाई काल येऊन गेल्या. काल, शुक्रवारी! विजेच्या वेळापत्रकापायी गोखिवऱ्यातले गाळे शुक्रवारी बंद असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शटर खाली, वॉचमन आणि त्याचं कुत्रं. तरी शेठना फोन गेलाच : "कामगारांमध्ये उत्साह दिसत नाही." शेठ स्वतः रविवारी सुट्टी घेतात, त्यांच्याही ध्यानात आलं नाही. आधी हसले, मग डोकं फिरलं. काम शेवटी माझ्याच गळ्यात.

मंगळ. १४
संक्रांत. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांत तिळगूळ घेऊन बसले. योगा म्हटल्यावर सगळ्या डबे आवरायला लागल्या. म्हटलं, बोला गं, कुणाचंच नाव वर जाणार नाही. मग जूचंद्रची वनिता : "म्याडम, योगा कशाला? आमी दिसभर पानीच पीत नाय. खाली संडास एकच, तोपन बाप्यांचा, कडी मोडलेली. जावाचा कसा?" तिला दोनदा लघवीच्या जळजळीने ताप आला, तेव्हा पोट बिघडलं म्हणून रजा टाकली होती. मग एकेक जण सांगत गेली. आम्हा ऑफिसवाल्यांचं बाथरूम वर, टाइल्स लावलेलं.

गुरु. १६
शेठना सांगितलं, बायकांसाठी खाली संडास बांधा, मूग नंतर. "म्याडम, हे मेंटेनन्सचं झालं. मी हेल्थचं विचारायला सांगितलं होतं." मग गोड आवाजात, "आजारी कोण कोण आहे? नावं द्या ना." विचारलं, कशाला? "मार्चला कॉन्ट्रॅक्टं रिन्यू करायची. फिट माणसं ठेवू."
बघते म्हणाले. बघते कसलं! तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं.

रवि. १९
आमचा कामाचा रविवार. घरी ह्यांची सुट्टी. बोळिंजला घरी पोचले तर चहा तयार, सोबत उपदेश : "दे नावं नि मोकळी हो. तुला काय पुढारी व्हायचंय?" चहा तसाच ठेवून कपडे घड्या करत बसले.

मंगळ. २१
योगासनं जाहीर. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सक्तीची. कामाचे तास वाया जायला नकोत म्हणे. पॅकिंगच्या भिंतीवर रंगीत पोस्टर : भरपूर पाणी प्या. वनिताने मोठ्याने वाचलं. सगळ्या हसल्या, मीही. नंतर जिन्यात रडू आलं.

शुक्र. २४
पहिला योगवर्ग. आवारात ताडपत्रीवर सगळे आडवे. वनिता आली नाही. शेठ सगळ्यांदेखत : "ती आजारी का?" घरी पाहुणे आलेत, मी ठोकून दिलं. जाताना म्हणाले, "उद्या नावं, म्याडम. नाहीतर पर्सोनेल कशाला ठेवलंय आम्ही?"

शनि. २५
सकाळीच वनिता केबिनच्या दारात. कालचं तिच्या कानावर गेलंय.
"तुमी नका सांगू. मीच सांगते, मना तरास हाय. एक नाव भेटला की बाकीच्यांना सोडतील."
सोडणार नाहीत. मला माहीत आहे, तिला नाही. आणि तरी तिने तसं म्हणताच मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची अशी किळस आली की तिच्यावरच ओरडले : "तुला कुणी सांगितलंय शहाणपण करायला?" बिचारी दचकली, पण हलली नाही. काचेतून खाली दिसतंय, बाकीच्या माना न उचलता मालाचे डबे पुसताहेत. त्यांना तरी काय बोलू, घरी पोरं आहेत त्यांना.
तिला खुर्चीवर बसवलंय. म्हटलं, तू नाही जायचंस, मी जाते. जाऊन काय बोलणार ते अजून
शेठची गाडी आली.