माई आत्या, आता कागद माझा आहे

प्रिय माई आत्या,

तुला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी तुला पहिल्यांदा पत्र लिहून राहिली आहे. एवढे दिवस काहून नाही लिहिलं, म्हणशील. सांगण्यासारखं काही नव्हतं गं! शाळा, वह्या, परीक्षा, परत शाळा. आता आहे. दिवाळीनंतर मी शाळेचा राजीनामा दिला आणि जानेवारीपासून लोकांकडून माझ्या लिहिण्याची वर्गणी मागायला लागली. हो, मागायला! ऐकून तुझा चष्मा नाकावर आला असेल.

नीट सांगते. चार वर्षांपासून मी दर रविवारी एक लेख लिहिते. तो इंटरनेटवरून लोकांच्या ई-मेलवर जातो. त्याला न्यूजलेटर म्हणतात, मी आपली 'माझा अंक' म्हणते. आपल्या जबलपूरच्या ग्वारीघाटावर नाव चालवणारे, सदर बाजारातली जुनी दुकानं, फॅक्टरीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी आपली मराठी घरं, असं सगळं त्यात असतं. आजवर ते फुकट होतं. आता महिन्याचा एक लेख सगळ्यांना, बाकीचे वर्गणी भरणाऱ्यांना.

प्रिन्सिपल मॅडम भल्या बाई आहेत. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होईपर्यंत त्यांनी माझी जागा रिकामी ठेवली. तोवर घर चालेल एवढे वाचक मिळाले तर मी लेखिका, नाही तर परत सातवी ब! आज मार्चचा शेवटचा रविवार. उत्तर द्यायचा दिवस. आणि या दिवशी मला तुझ्याशी बोलायचं आहे, कारण मी या भानगडीत पडली ती तुझ्यामुळे.

तुझा हस्तलिखित अंक! दिवसभर फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून तू यंत्रांचे नकाशे पातळ कागदावर शाईनं गिरवायचीस. ट्रेसर होतीस ना. घरी येऊन चहा घ्यायचीस आणि त्याच हातानं अंक लिहायला बसायचीस. एकच प्रत. मागच्या कव्हरावर फॅक्टरीच्या क्वार्टरांतल्या पंचवीस मराठी घरांची यादी चिकटवलेली. प्रत्येकानं दोन दिवस ठेवायचा, वाचून सही करायची आणि पुढच्या घरी द्यायचा. फिरून परत यायला दोन महिने लागायचे. पानांवर हळदीचे डाग, कपाचे गोल. एकदा तर तुझ्या कवितेवर कुणीतरी दुधाचा हिशोब केला होता आणि तू नुसती हसलीस.

कागद, शाई, दोरा क्वार्टरांतलं मराठी मंडळ पुरवायचं. मेहनत तुझी. "आपल्याच माणसांचं काम, त्याचं काय घ्यायचं?" असं म्हणायचीस. मी तेव्हा सहावीत होती, मला ते फार मोठं वाटायचं. आता त्याच वाक्याचा राग येतो. वाईट वाटून घेऊ नकोस, पण येतो!

त्या गोष्टीचं सांगू? नवऱ्याचं घर सोडून माहेरी गेलेल्या बाईची गोष्ट. सगळे तिला समजावतात, आणि ती रोज बॅग भरते आणि रोज रिकामी करते, कारण तिला परत जायचंच नसतं. तू मला वाचून दाखवली होतीस. मी विचारलं, "ही कोण गं?" तू म्हणालीस, "शहपुऱ्याची एक बाई आहे, बसमध्ये भेटली होती." तुझं त्याहून चांगलं लिहिलेलं मी काहीच वाचलं नाही.

अंक पहिल्याच घरी गेला आणि तिसऱ्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी तो हातात घेऊन आपल्याकडे आले. कुणीतरी तक्रार केली होती. "माईताई, गोष्ट चांगली आहे हो, पण मंडळाच्या कागदावर असलं नको." एवढंच बोलले. चहाही घेतला नाही.

मला वाटलं तू भांडशील. ऑफिसात मोठ्या साहेबाला तोंडावर बोलणारी तू! पण तू कात्री घेतलीस, शिवणीचा दोरा कापला, आठ पानं काढली, अंक पुन्हा शिवला. सकाळी ती पानं तू बंबात घातलीस. पाणी तापलं, बाबांनी आंघोळ केली, सगळे आपापल्या कामाला गेले. मी दारात उभी होती, तुला दिसली पण होती. काहून गं जाळलीस? ट्रंकेत ठेवली असतीस तर काय झालं असतं? हे मी तुला जिवंतपणी कधी विचारलं नाही, याचा मला पस्तावा आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्यावर तीच वेळ आली. भेडाघाटला हॉटेल असलेले एक भैयाजी माझा अंक वाचायचे. म्हणाले, "दीदी, आप बस लिखते जाइए, खर्चा हमारा." मी खूश! नोकरी अर्धी करावी का, असाही विचार करून टाकला. मग मी त्यांना पुढचा लेख सांगितला. बरगी धरणात गाव गेलेल्या एका म्हातारीवर होता. ती मला नावेतून घेऊन गेली होती आणि मधोमध पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "हमारा चूल्हा यहाँ था." भैयाजी हसून म्हणाले, "ये वाला मत डालिए दीदी, टूरिस्ट का मूड खराब होता है."

माणूस वाईट नव्हता, अगदी गोड बोलला. तुझे सेक्रेटरीही गोडच बोलले होते. मी तिथल्या तिथे नमस्कार केला आणि बाहेर आली. लेख रविवारी गेला, पूर्णच्या पूर्ण. आणि त्या आठवड्यात मी ठरवलं, कागदाचे पैसे वाचणाऱ्यांनीच द्यायचे, दुसऱ्या कुणी नाही.

दादाचा पुण्याहून फोन आला. "छंद म्हणून ठीक आहे मंजू, पण लोकांकडे मागणं बरं दिसतं का?" मी म्हटलं, दादा, तू बँकेत छंद म्हणून जातोस का? तेव्हापासून तो फोनवर फक्त हवामान विचारतो.

आता ऐक गंमत. जानेवारीत सगळ्यात पहिली वर्गणी कुणाची आली? शेवडे काकूंची! आपल्या समोरच्या क्वार्टरमधल्या. तेव्हा नव्या सूनबाई होत्या, आता त्यांचेच केस पांढरे झाले. रिटायर झाल्यावर क्वार्टरांतली सगळीच मंडळी जवळपासच राहायला गेली, अजून एकमेकांकडे चहा-फराळ चालू असतो. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी पाव किलो खोव्याची जलेबी आणली आणि एकटीनं खाल्ली.

मग फेब्रुवारीत बाजारात जोशी वहिनी भेटल्या. म्हणतात, "मंजू, तुझा अंक आमच्याकडे यायचा आहे अजून. देशपांड्यांकडे अडकला आहे, ते फार वेळ लावतात!" मला काही समजेना. ई-मेल देशपांड्यांकडे कसा अडकेल?

काकूंनी काय केलं होतं माहीत आहे? माझे लेख दुकानातून छापून आणले, जाड दोऱ्यानं शिवले, मागे वीस घरांची यादी चिकटवली आणि एकेक घर दोन दोन दिवस फिरवायला सुरुवात केली होती. बापा रे! मी कपाळावर हात मारला. हसू की रडू? वीस घरं मला वाचून राहिली होती, माझं कौतुक करून राहिली होती, आणि वर्गणी एक!

मी सरळ काकूंच्या घरी गेली. "काकू, हा अंक वर्गणी भरणाऱ्यांसाठी आहे."

"मग मी भरली ना! सगळ्यांत पहिली मीच भरली."

"तुम्ही भरली. बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांना मी देऊन राहिली आहे. माईचं नव्हतं का असंच? तुझ्यासाठीच तर करते, आणि तू चिडतेस काहून?"

"माईला फॅक्टरीचा पगार होता, काकू. माझा हाच पगार आहे."

काकूंचा चेहरा उतरला. "आपल्याच माणसांना मागतेस मंजू?"

"आपलीच माणसं वाचतात, म्हणून त्यांनाच मागते. आणखी कुणाला मागू?"

काकू उठून आत गेल्या. मी बाहेर येऊन स्कूटीवर बसली आणि रडली, तुझ्यापासून काय लपवायचं. वाटलं, संपलं. आता ही वीस घरं आपल्याला दारात उभं करणार नाहीत. पण बोलली त्यातला एकही शब्द परत घ्यावासा वाटला नाही. हे मात्र मला नवीन होतं.

चार दिवसांनी दुपारी काकू स्वतः आल्या. हातात तो शिवलेला अंक, देशपांड्यांकडून परत आणलेला. टेबलावर ठेवला. पाणी प्यायल्या, पंख्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माईची ती गोष्ट माझ्यामुळे गेली."

मला ऐकूनही कळलं नाही. त्या सांगत गेल्या. लग्नानंतर दीड वर्षानं त्या नागपूरला माहेरी गेल्या होत्या आणि आठ महिने आल्याच नाहीत. इथे सांगितलं होतं, आईची तब्येत बरी नाही. "आई ठणठणीत होती गं. मलाच यायचं नव्हतं. कुणाला म्हणून कुणाला बोलली नव्हती मी. परत आली, आणि महिन्याभरात माईचा अंक पहिला आमच्याच घरी. मी लगेच वाचला. मला वाटलं, हिनं माझ्यावरच लिहिलं! सासूबाईंच्या हातात पडायच्या आत मी जाऊन सेक्रेटरींच्या बायकोला, असलं अंकात नको, म्हणून सांगून आली."

"काकू, ती गोष्ट तुमच्यावर नव्हतीच," मी म्हटलं. "शहपुऱ्याची कुणी बाई होती. आत्याला बसमध्ये भेटलेली."

"अच्छा?" काकू हसल्या. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "एवढी वर्षं मला वाटायचं, एका बाईला तरी माहीत आहे."

आत्या, मी तोंड उघडायलाच नको होतं! मी त्यांचा हात धरून नुसती बसली. मला त्यांचा राग यायला हवा होता, आठ पानं गेली होती. पण आला नाही. आणि एक गोष्ट तुला सांगायची राहून जाऊ नये म्हणून सांगते. तुझी गोष्ट फुकट गेली नव्हती. यादीतल्या एकाच बाईनं वाचली, पण तिला ती जन्मभर पुरली.

चहा झाल्यावर काकू म्हणाल्या, "तू लिहिशील माझ्यावर? आता सासूबाई नाहीत, हे पण गेले. लिही. पण पाठवण्याआधी मला दाखव."

बघ, पुन्हा तेच! म्हातारं, प्रेमाचं माणूस, आणि पुन्हा आधी दाखव. माझ्या तोंडावर 'बरं काकू' आलं होतं. मी म्हटलं, "नाही दाखवणार. तुम्ही नको म्हटलं तर एक अक्षर लिहिणार नाही. हो म्हटलं तर मी लिहीन तसं जाईल, आणि तुम्ही रविवारी सगळ्यांबरोबर वाचायचं."

"बापा! माईपेक्षा खट आहेस." बराच वेळ बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चलो, लिही."

तीन रविवार मी ते पुढे ढकललं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. आज सकाळी सातला पाठवलं. पाठवल्यावर भांडी घासली, फरशी पुसली, परत भांडी घासली. नऊला फोन वाजला. काकू.

"वाचलं," म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "नागपूरच्या स्वयंपाकघराचा भाग वाचवत नव्हता गं. वाचता वाचता दोनदा फोन बाजूला ठेवला." माफी मागायची नाही, असं मी ठरवूनच बसली होती. मग त्याच म्हणाल्या, "पण एकही ओळ काढू नकोस. आणि जोशीणबाई आत्ताच आली होती वाचायला मागायला. मी म्हटलं, माझा अंक माझा, तू आपली वर्गणी भर!"

दुपारपर्यंत त्या वीसांतली नऊ घरं माझ्या यादीत आली. देशपांडेही आले, वेळ लावून. दादानं पण भरली, न सांगता. भरणाऱ्याचं नाव मला दिसतं हे त्याला माहीत नाही. घर चालेल एवढे वाचक अजून झालेले नाहीत, खोटं काहून सांगू? थोडे कमी आहेत. पण चारला मी प्रिन्सिपल मॅडमना फोन केला आणि म्हटलं, मॅडम, जागा भरून टाका. त्या म्हणाल्या, पक्कं? मी म्हटलं, पक्कं. कमी पडलं तर दोन ट्यूशन घेईन, भाड्याचं घर बदलीन, पण रविवार सोडणार नाही. मला हे काम येतं, आत्या. चांगलं येतं. हे तुला कुणी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून मी माझं मलाच म्हणून घेते.

तुला एक शब्द देते. कुणी रागावलं, कुणी गोड बोललं, कुणी रडलं, तरी लिहिलेलं पान मी जाळणार नाही. चुकलं तर ते चुकीचं पानही माझ्या नावानं लोकांसमोर राहील. आणि जिच्यावर लिहीन तिच्या दारात मी स्वतः जाईन, आधी विचारायला आणि नंतर तिच्या शिव्या ऐकायला.

आता उठते. शेवडे काकूंनी बोलावलं आहे, नागपूरचं बाकीचं सांगायचं म्हणतात.

तुझी भाची,
मंजू
जबलपूर