आमसुलं आणि विलायती हिरवळ

रत्नागिरी, २ मार्च २०२५

चि. सर्वेश यास नेत्राअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा पोचला. आजोबांनी १९३४ साली बांधलेल्या चिऱ्याच्या घराला ‘त्या काळाला साजेशी’ बाग हवी, म्हणून पुढच्या खळ्यात विलायती हिरवळ, गुलाबाचे वाफे आणि मधोमध कारंजं. वाचून धन्य झाले. वास्तुशांतीचा फोटो काढून पाहिला. त्या काळी पुढे भाताची उडवी, दोन म्हशी आणि शेणाचा ढीग होता. तेव्हा म्हशी कधी पाठवतोस? यथाशक्ति एक आली तरी चालेल.

दादा गेल्यापासून राजश्रीवहिनी याच खळ्यात आमसुलं वाळवून घर चालवतात, हे तुला ठाऊक असेलच, आराखड्याला नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “गवंडी कधी येणार?”

लोभ आहेच, त्याला खतपाणी लागत नाही.
अक्का

ठाणे, ९ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

टोमणे पोचले. तुझी भावजय हेतल ते मोठ्याने वाचून हसली, तीही तुझ्याच बाजूने. पण दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या तर घर पुढून देखणं हवं, आणि घरात माझाही वाटा आहे. वहिनींना मागच्या अंगणात वाळवता येईल. ऊन काय, इथून तिथून सारखंच. हिरवळीच्या गुंडाळ्या महिनाअखेर येतील.

राग आला तरी पत्र लिहीत जा.
सर्वेश

रत्नागिरी, १२ मे

चि. सर्वेश यास आशीर्वाद.

हिरवळ छान रुजली होती. मागच्या अंगणात माडापोफळींची दाट सावली. ऊन तिथे पाहुण्यासारखं येतं, चहा पिऊन जातं. आमसुलांसाठी सोललेल्या रतांब्यांची पहिली सालं बुरसली. मग वहिनींनी पुढे हिरवळीवरच चटया अंथरल्या. हिरवळ नुसती बघायची असते, हे तू कळवलं नव्हतंस. सालं मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. रस चटईतून गळतो. आठव्या दिवशी गवत पिवळं, पंधराव्या दिवशी नाहीसं. शास्त्रात याला कार्यकारणभाव म्हणतात, वहिनी याला हवामान म्हणतात.

तू नव्या गुंडाळ्या पाठवणार असं कळलं. तसं झालं तर मी बुरोंडीला माहेरी जाईन, असं वहिनी काल भाजी निवडता निवडता म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मी काळजी केली नसती.

उत्तर लवकर धाड, आशीर्वाद त्यावर अवलंबून नाहीत.
अक्का

ठाणे, १७ मे

ती. राजश्रीवहिनींस शिरसाष्टांग नमस्कार.

गुंडाळ्या रद्द केल्या. कारंजंही. खळं पूर्वीसारखं करून घ्या. पर्यटक आले तर आमसुलं वाळताना बघतील. तुम्ही मात्र कुठे जाऊ नका. एकच विचारतो, मिठाने गवत मरतं हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का?

घरात आमची आठवण राहू द्या.
सर्वेश

रत्नागिरी, २३ मे

सर्वेशभावोजींना राजश्रीवहिनीचा नमस्कार.

मी इथेच आहे. खळं चोपून, सारवून झालं. पावसाआधी आणखी सालं निघतील. हेतलसाठी डबा भरून ठेवला आहे, न्यायला तुम्हीच या.

विचारलंत म्हणून लिहिते. लग्न होऊन आल्यापासून मी खळ्यातलं गवत मिठाच्या पाण्यानेच मारते. तुम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतात. कळशी तुम्हीच आणून द्यायचात.