गालातली लवंग

आई, आज सकाळी पॅकिंगमध्ये फेरी मारताना मला लवंगेचा वास आला आणि मी तिथेच थांबले. बोईसरच्या औषध कारखान्यात वासांना तोटा नाही, पण लवंगेचा वास कुणाच्या तरी गालातूनच येणार, हे मला तुझ्यामुळे माहीत आहे. तुझ्या कारखान्यासारख्याच एका कारखान्यात मी आता कामगारांच्या आरोग्याचं बघते. गळ्यात ओळखपत्र, हातात तपासणीचे कागद. तू असतीस तर आधी त्या ओळखपत्रावरचा फोटो बघून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, जेवलीस का. नाही जेवले, आई. डबा तसाच परत आला आहे.

दांडी गावातलं आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. तू चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतेस, उबळ आली की तोंड पदरात धरून भिंतीकडे वळतेस, आणि मी डब्यातून तीन लवंगा काढून तुझ्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते. एक गेटवरच्या तपासणीसाठी, एक जेवणानंतर सुपरवायझरची फेरी असते तेव्हासाठी, एक अडीनडीला. ते माझं रोजचं काम होतं, आणि मला त्याचा केवढा तोरा! खोकणारी बाई दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत जायची, तिच्या जागी बसायला दहाजणी उभ्याच असायच्या. लवंग गालात धरली की घसा तेवढ्यापुरता गप्प बसायचा. एकदा मी शाळेतल्या बाईंना सांगितलं, आमची आई रात्रभर खोकते म्हणून. त्या घरी चौकशीला आल्या. त्या गेल्यावर तू मला पहिल्यांदा आणि शेवटचं मारलंस. "काय गरज होती सांगायची? माजं काम गेलं मंजे तू घालशील सगल्यांना खायला? परत कोनाला बोललीस तर बघ." मग थोड्या वेळाने तूच माझ्या ताटात तव्यावरचा मोठा बोंबील वाढलास. मी रडत रडत सगळा खाल्ला.

आपल्याला क्षय झालाय हे तुला कळलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. घरात तुझा पेला वेगळा होता. त्याच्या गळ्याला तू जाळ्याचा निळा दोरा बांधला होतास, आणि त्याला कुणी हात लावला की ओरडायचीस. पडवीत एकटी झोपायचीस, गरम होतंय म्हणून सांगायचीस. थंडीतही तुला गरमच व्हायचं. आम्हाला तू वाचवलंस, तिन्ही भावंडांच्या छातीचे फोटो स्वच्छ आले. पण कारखान्यात दोरा बांधलेला पेला कसा नेणार होतीस? तो दिसला असता तर सगळं कळलंच असतं. म्हणून तिथे तू सगळ्यांच्या बाटलीतून पाणी प्यायलीस. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत लेबलं चिकटवत दिवसभर बसलीस, आणि तुझ्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून, चिंचणीची मावशी बसायची. तुमचा डबा एकच. मी तुझ्यावर या गोष्टीसाठी कित्येक वर्षं रागावले होते. आता राग धरायलाही अंगात त्राण राहिलं नाही.

आणि मी तरी कोणते दिवे लावले? मागच्या वर्षी मीच गेटवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, की दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ताबडतोब कळवा. एक मुलगी विश्वासाने येऊन सांगून गेली. मी तिला तपासणीला पाठवलं, आणि ती परत आली तोवर कंत्राटदाराने तिच्या जागी दुसरी बसवली होती. त्या दिवसापासून कुणाला म्हणून खोकला झालेला नाही. साहेब बैठकीत म्हणाले, पाटीचा चांगला उपयोग झाला. मी मान हलवली.

आजची बाई जव्हारकडची आहे. पावसाळ्यात डोंगरावर नाचणी लावते, बाकीचे महिने इथे खोली घेऊन राहते. मी तिला बाहेर नळापाशी नेलं. "मला काय नाय झाला, मॅडम. पावडर उडते ना, तिच्यामुलं व्हतं." मी म्हटलं, लवंग थुंक. मग तिने ती तळहातावर घेतली आणि जी खोकायला लागली ती थांबेचना. शेवटी डोळे पुसत एवढंच बोलली, "काम जाईल ना माजा?" मी म्हटलं, नाही जाणार. आई, ते मी कुठल्या अधिकाराने म्हटलं कोण जाणे. कुणाची परवानगी नव्हती, कागद नव्हता.

कंत्राटदाराचा माणूस तर लगेच म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो, कल दूसरी भेज दूँगा." साहेब म्हणाले, बाई कंत्राटाची आहे, आपण कशाला मध्ये पडायचं? नेहमीसारखी मी फाइल उचलून निघणार होते, पण दारातून परत फिरले. म्हटलं, हिला काढलंत तर उद्या त्या खोलीतली प्रत्येक बाई गालात लवंग धरून बसेल, आणि कोण आजारी आहे हे आपल्याला ती आडवी होईपर्यंत कळणार नाही. त्यांनी विचारलं, कसली लवंग? मग मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. नोकरीत इतकी वर्षं झाली, कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं. शेवटी त्यांनी सही केली: सरकारी दवाखान्यातून औषध सुरू होईल, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा ती याच जागेवर परत, तोवर पगार चालू. तिच्या टेबलावरच्या बाकीच्या बायकांचीही तपासणी. आणि त्या खोलीच्या खिडक्या उद्यापासून उघड्या. एवढंच. एवढ्यासाठी माझा अख्खा दिवस गेला आणि माझं अंग ठणकतं आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. तुझ्या तेराव्याला चिंचणीची मावशी आली होती. चुलीपाशी बसून ती खोकायला लागली, तुझ्यासारखीच, तोंड पदरात धरून. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. मी उठले, डब्यातून तीन लवंगा काढल्या आणि तिच्या पदराला बांधल्या. एक गेटवर, एक जेवणानंतर, हेही सांगितलं. ती पुढे वर्षभर तशीच कामावर जात राहिली. वाचली, पण एक फुप्फुस गेलं. आता चिंचणीच्या बाजारात सुकट घेऊन बसते, चार पावलं चालली तरी धापा टाकते, आणि मी तिकडे गेले की मागच्या गल्लीने जाते. त्या दिवशी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. म्हणाली होती, "आयसची पोर हुशार हाय." आणि आई, तू जाऊन तेरा दिवस झाले होते, तरी मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.