बनाबाईंची न लागलेली मुलाखत

इंदापूर,
१४ जुलै २०२५

आदरणीय रामहरीकाका,

सलाम. काकींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. इकडं सगळे ठीक आहेत. अब्बांच्या मयतीला तुम्ही कऱ्हाटीहून आलात, कबरस्तानच्या फाटकाशी उभे राहिलात आणि कुणाशी न बोलता परत गेलात, हे मला अबरारनं सांगितलं.

तुम्ही आणि अब्बांनी छापखान्यात खिळे जुळवून सुरू केलेलं साप्ताहिक मी बंद पडू दिलेलं नाही. छापील अंक चारशेवर आलाय, पण केबलवरच्या बातम्या आता मोबाइलवर लावते. पार माळेगावपर्यंत लोक बघतात.

पुढच्या मंगळवारी त्या रसायन कारखान्याच्या वाढीव परवानगीची जनसुनावणी आहे. तोच, ज्याच्या सांडपाण्यानं २००५ साली बनाबाईंच्या वस्तीची विहीर नासली. महिन्यापूर्वी मालकानं पत्रक वाटलं : 'वीस वर्षांत एकही तक्रार नाही.'

तक्रार झाली होती. तुम्ही कॅमेरा घेऊन बनाबाईंकडं गेला होतात. त्यांची नात छकुली जुलाबानं गेली, त्याला आठवडाही झाला नव्हता. टेप तुम्ही माझ्या हातात दिलीत, संध्याकाळच्या बातम्यांसाठी. ती लागली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तुम्ही अब्बांना विचारलंत, "अल्लाबक्ष, कितीला इकलीस?"

अब्बा म्हणाले, "टेप मशीनमधी अडकून तुटली. पोरीनं सांगितलं. माझी पोर खोटं बोलत न्हाय."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी वायर गुंडाळत राहिले.

काका, टेप तुटली नव्हती.

त्याच महिन्यात माझी अबरारशी मंगनी झाली होती. त्याचे वडील त्या कारखान्याचे वाहतूक ठेकेदार. मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही मागितलंही नाही. लग्न मोडेल या भीतीनं मीच टेप कपड्यांच्या पेटीत ठेवली, आणि तुमची पंचवीस वर्षांची दोस्ती मोडू दिली. अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, "रामहरी येईल एक दिवस." तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

पत्रक वाचल्यावर टेप पुण्याला नेऊन मोबाइलवर उतरवून आणली. अबरारला दाखवली. त्यानं एवढंच विचारलं, "माझ्या वडिलांचं नाव येईल?"

"येईल."

तिसऱ्या दिवशी त्यानंच गाडी काढली आणि मला बनाबाईंकडं नेलं.

त्या आता ऐंशीच्या पुढं. मोबाइल डोळ्यांजवळ धरून स्वतःला बोलताना पाहिलं. म्हणाल्या, "एवढं सांगितलं व्हतं म्या. मला वाटलं, लोकांनी ऐकूनबी सोडून दिलं."

"मावशी, ते लोकांपर्यंत गेलंच नाही. मी जाऊ दिलं नाही."

मी मोबाइल घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही. "थांब. पुढं छकुलीचा फोटू हाय." तो येऊन गेल्यावर म्हणाल्या, "लाव. पण तुजं कामबी सांग त्यात."

शुक्रवारी सात वाजता मुलाखत पूर्ण लावणार. त्याआधी मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगणार, टेप कुणी दाबली ते. अंकात पहिल्या पानावर बातमी तुमच्या नावानं, माझी कबुली तिच्या खाली. कारखान्याच्या माणसाचा फोन येऊन गेला, जाहिराती बंद झाल्या. होऊ देत. मंगळवारी बनाबाईंना घेऊन सुनावणीला जाणार आहे.

माफी मागायला मला तोंड नाही. तुम्ही या, नका येऊ, बातमी लागेल. पण अब्बांनी तुमची बातमी विकली नव्हती, हे तुम्हाला मोबाइलवर कळू नये, म्हणून आधी लिहिलं.

तुमच्या हातची बातमी दाबणारी,
हीना