शेवंताचा चेहरा अजून पुसट

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार. सास्तूर

दुपारी जळकोटहून येऊन पोचले. एका पिशवीत लुगडी, आणि गोधडीत बाळंतिणीसारखा गुंडाळलेला स्कॅनर. लक्ष्मीबाईनं पुढची खोली झाडून ठेवलेली. आल्या आल्या पिठलं, भाकरी, शेंगांची चटणी. तिचा लेक युवराज म्हणाला, आक्का, मशीनला एसी लागत असंल तर आधीच सांगा, आमचा पंखासुद्धा मनाला येईल तसा फिरतो. हसून हसून पोट दुखलं.

काम असं. आमचे हे, सोमलिंग, गावोगाव फोटो काढत फिरायचे. ते गेल्यावर ट्रंकेत एक डबा सापडला, वर त्यांच्या अक्षरात 'सास्तूर, १७ सप्टेंबर १९९३'. शाळेतल्या झेंड्याचा दिवस. पुढं तेराव्या दिवशी भूकंप झाला आणि फोटो छापायचे राहूनच गेले. त्यातल्या एका निगेटिव्हवर चौदा माणसं आहेत. लक्ष्मीबाई, तिच्या कडेवर तान्हा युवराज, आणि पदराला धरून पाच वर्षांची शेवंता. शेवंता ढिगाऱ्याखाली गेली. तिचा दुसरा फोटो नाही. दर तीस सप्टेंबरला गाव आपापल्या माणसांच्या तसबिरी मांडतं, लक्ष्मीबाई रिकामी चौकट मांडते. यंदा तीत चेहरा बसवीन, असा शब्द दिलाय मी.

मशीन मी मोबाईलवर बघून बघून शिकले. सदुसष्टाव्या वर्षी. केल्यानं होतं.

१७ सप्टेंबर

फिल्म भाजलेल्या पापडासारखी वाकली होती. रात्रभर ज्वारीच्या पोत्याखाली दाबून सकाळी स्कॅन केली. नऊ चेहरे असे लख्ख, की एका म्हातारीच्या नथीतले मोती मोजावेत. पाच चेहरे मात्र दुधावरच्या सायीसारखे. त्यात शेवंता.

फिल्म काचेपासून नेमक्या उंचीवर नसली की असं होतं. म्हणून लग्नपत्रिकेचे तुकडे कापले. फिल्मच्या चौकटीखाली एकेक सरकवून उंची वाढवत जायचं. लक्ष्मीबाईलाही शिकवलं. तिचा हात माझ्याहून हलका आहे.

१८ सप्टेंबर

एक गोष्ट डोक्यात बसत नाही. फिल्म वाकडी असती तर एक कोपरा पुसट आला असता. इथं लख्ख माणसाच्या खांद्याला खांदा लावून पुसट माणूस उभा आहे. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. फिल्मचे बारीक दाणे सगळीकडं सारखे स्वच्छ. शेवंताच्या फ्रॉकची बटणं स्वच्छ. चेहराच तेवढा नाही.

यांचा कॅमेरा असली चूक करणारा नव्हता. 

१९ सप्टेंबर

लक्ष्मीबाईला जवळ बसवून माणसं ओळखायला लावली. लख्ख नऊ जणांची नावं तिनं एका दमात घेतली. नऊही भूकंपात गेलेले. मग पुसट. ती स्वतः, युवराज, उमरग्याला दिलेली नणंद सखू, लातूरला लेकाकडं राहणारे महांतप्पा गुरुजी. चौघंही जिवंत.

पाचवी शेवंता.

 मग लक्ष्मीबाईनं सांगितलं की ती स्वतः तीन दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावर लोक म्हणाले, सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. पोरीला तिनं पाहिलंच नाही. पाहिलं असं सांगणाराही कुणी भेटला नाही.

तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. युवराजनं तिथंच बसून मोबाईलवर सगळ्या गटांत शेवंताच्या शोधाचा निरोप टाकला. त्या माऊलीच्या डोळ्यांतली आशा बघून मला भ्यायला झालं.

२१ सप्टेंबर, शनिवार

तीन तुकडे लावले. महांतप्पा गुरुजी उघडले! टोपीची घडी, पान खाऊन रंगलेला ओठ. शेवंताचीही डावी भुवई उमटू लागलीय. चौथ्या तुकड्याला चेहरा येणार. जीव हरखला.

२२ सप्टेंबर

लातूरहून फोन आला. गुरुजी गेले, काल दुपारी. जेवता जेवता मान टाकली.

किती वाजता, मी विचारलं. युवराज म्हणाला सव्वाबाराच्या सुमाराला.

स्कॅनवर वेळ उमटते. बारा वाजून चौदा मिनिटं.

मशीनची वायर काढली, वर गोधडी टाकली. लक्ष्मीबाईला काही बोलले नाही. एकतीस वर्षांच्या कोरड्या विहिरीला आत्ता कुठं झरा लागलाय, त्यात मी माती कशी लोटू?

२४ सप्टेंबर

युवराजच्या निरोपाला उत्तर आलंय. बेंबळीची बाई. भूकंपाच्या वेळी मदतीच्या ट्रकमधून आलेली पोर एका जोडप्यानं वाढवली, शिवांजली नाव ठेवलं. वय जुळतं. आईचं नाव लक्ष्मी, एवढंच तिला आठवतं. रविवारी येणार.

फोनवर तिनं जाता जाता सांगितलं, शनिवारपासून डाव्या भुवईवर ठणका लागलाय. औषधानं उतरत नाही.

मी ताटावरून उठले. भुवईच्या स्कॅनची तारीख परत बघितली. एकवीस, शनिवार.

२६ सप्टेंबर

लक्ष्मीबाई मागंच लागलीय. म्हणते, नुसत्या नावावर कुणाला लेक म्हणू? तिचा चेहरा आठवतच न्हाय मला आक्का, रोज थोडा थोडा झिजत गेला. ती दारात आल्यावर मी चुकले तर? एकदा फोटोत बघू द्या.

फिल्म खराब झाली, असं सांगितलं. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. खोटं मला कधीच पचत नाही, तोंडावर दिसतं.

फिल्म जाळावी म्हणून काडी ओढली. पण त्यावर तीन जिवंत माणसं आणखी आहेत. जळाली तर त्यांचं काय होईल? कुणाला विचारू? काडी विझवली. फिल्म ज्वारीच्या डब्यात, तळाशी.

२८ सप्टेंबर

आज सगळं सांगितलं. गुरुजींची वेळ, भुवई, सगळं. पाया पडले तिच्या.

ती आधी हसली. म्हणाली, माणसं भूकंपानं मारली आक्का, मशीननं न्हाय. मग हसू मावळलं. म्हणाली, तुमाला मूल न्हाय, म्हणून माझी आलेली बघवंना व्हय.

लागलं. पण चूक माझीच. मीच आधी सांगायला हवं होतं. सहा दिवस गिळून बसले आणि आता ओकले, तर कोण खरं मानणार?

संध्याकाळी डबा उपसला. खालपर्यंत ज्वारीच —

२९ सप्टेंबर, रविवार

अकरा. युवराज मोटरसायकल घेऊन स्टँडवर तिला आणायला गेला. मी नळावर होते. परत येते तो माझ्या खोलीला आतून कडी.

मशीनचा आवाज. घर्र, थांबतं, परत घर्र.

दार बडवलं. लक्ष्मी म्हणते, जरा थांबा आक्का, ती यायच्या आत झालं पायजे. तीन लावले, भुवई छान आलीय.

विजेचं बटण आतच. खिडकीला गज. युवराजला फोन — गाडीवर आहे, उचलत नाही. शेजारी बलभीमला हाका मारल्या, शेतात गेलाय.

ओसरीवर बसून लिहितेय. कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे —

गाडी आली.

उतरली. चालणं थेट लक्ष्मीचं, डावा पाय किंचित ओढत. कपाळाला रुमाल बांधलाय. ऊन फार आहे म्हणाली, पाणी मागितलं. युवराज तांब्या आणायला मागच्या दारी गेला.

मी तिला म्हणाले परत जा, पोरी, आत्ताच्या आत्ता — तिला कळलं नाही. हसली. आई कुठाय, विचारलं.

लक्ष्मी, ही दारात आलीय. चौथा लावू नको. लक्ष्मी, तुझी पोर इथं —

घर्र.

पोर खाली बसली. रुमाल सोडतेय. हात छातीवर, ओठ पांढरे, माझ्याकडं बघतेय, चेहरा — आतून लक्ष्मी हसतेय, रडतेय, म्हणतेय दिसली आक्का, दिसली, नाक माझंच हाय, डोळे उघडतायत, हे बघा ओठ पण आता —