तळ्याकाठची खुर्ची

येरिन,

"आईला काय विचारायचं? ती कुठे कॉलेजात गेलीये!" असं सकाळी आत्याला फोनवर कुरकुरत होतीस. मी आत किमची चिरत होते, सगळं ऐकू आलं.

दुकानात जातेय. सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. दोन कॉलेजांत प्रवेश मिळालाय, पण आज चारच्या आत एकाच कॉलेजात नाव नोंदव. वरच्या मजल्यावरच्या मुलीने भीतीपोटी दोन्हीकडे नोंदवलं आणि दोन्ही प्रवेश रद्द झाले, आठवतंय ना?

सोलचं कॉलेज चांगलंच आहे. आत्याचं घर जवळ, ती तिच्या कॉलेजच्या गोष्टी सांगत जेवू घालेल. माझ्याकडे नुसतंच जेवण.

चुनचॉनचं तळ्याकाठचं कॉलेज दमट आहे असं मी तुला म्हणाले, ते खोटं होतं. मंगळवारी बाजाराचं सांगून मी बसने तिथेच गेले होते. वाचनालयात खिडकीशी एक खुर्ची आहे, समोर अख्खं तळं. पहारेकरी म्हणाला, "लेकीसाठी जागा धरताय का, काकू?" मी हो म्हटलं आणि दोन तास स्वतःच बसून वाचलं. उठवतच नव्हतं.

त्या खुर्चीत तू बसणार, हे मला बघवेना, म्हणून दमट म्हणाले. मला तुझा हेवा वाटतो, पोरी.

आई